मुखत्यारपत्र गरजेच्या वेळीच निकामी होते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यातल्या नौपाडा, चरई, पाचपाखाडी या जुन्या भागांत ऐंशीच्या पुढचे आईवडील आणि त्यांचे बँक, पेन्शन, सोसायटी, दवाखाना हे सगळे व्यवहार सांभाळणारी, स्वतःच साठीला टेकलेली मुले अशी घरे पावलोपावली आहेत. अशा प्रत्येक घराला कोणी ना कोणी एक सल्ला देतोच : ‘वडिलांकडून कुलमुखत्यारपत्र करून घ्या, म्हणजे पुढची काळजी मिटली.’ मुखत्यारपत्र म्हणजे आपले व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला, म्हणजे मुखत्याराला, देणारा कागद (पॉवर ऑफ अॅटर्नी). हा सल्ला मलाही मिळाला, मी तो वेळेवर पाळला आणि तरीही काळजी मिटली नाही. असे का झाले ते इतर कुटुंबांना आधीच कळावे आणि ज्यांच्या हाती कायदा बदलणे आहे त्यांच्याही कानावर जावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. सात वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा त्यांनी स्वतःहून वकिलांना घरी बोलावले आणि माझ्या नावाने मुखत्यारपत्र करून दिले. त्या वेळी त्यांची स्मरणशक्ती इतकी चोख होती की मसुद्यातला खातेक्रमांकाचा एक चुकलेला आकडा त्यांनीच दाखवून दिला. आडनावाचे शेवटचे अक्षर लिहून झाले की पेन न उचलता मागे वळवून सहीखाली सरळ रेघ ओढायची त्यांची जुनी सवय होती, त्याच सवयीने त्यांनी प्रत्येक पानावर सही केली. पुढे तीन-चार वर्षांत स्मृतिभ्रंशाने त्यांना ग्रासले. चेकवर सही करायला दिली तर ते आधी रेघ ओढत, मग पेन कागदावर तसाच धरून माझ्याकडे बघत राहत. चेक परत येऊ लागले, तेव्हा मी कपाटातून ते मुखत्यारपत्र काढले.

वडिलांची रात्रंदिवस देखभाल करणाऱ्या बाईंचा पगार आणि औषधे यांसाठी एक मुदत ठेव मोडायची होती. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी कागद शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला, ‘वडिलांना आत्ता व्यवहार समजतो का?’ मी खरे ते सांगितले. वडील मला त्यांची थोरली बहीण समजतात, ‘अक्का’ म्हणून हाक मारतात आणि कधीकधी स्वतःच्याच घरात बसून घरी जायचा हट्ट धरतात. त्यावर अधिकाऱ्यांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, ‘मॅडम, मग हा कागद आता चालणार नाही.’ त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. पण वकिलांनी कायदा समजावून सांगितल्यावर कळले की, ते अधिकारी बरोबर होते आणि चूक कायद्यातच आहे.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिचे मानसिक संतुलन बिघडले की मुखत्याराचा अधिकार संपतो. मृत्यूनंतर अधिकार संपतो हे समजण्यासारखे आहे, कारण तिथून पुढे मृत्युपत्र आणि वारसाहक्क लागू होतात. परंतु माणूस जिवंत आहे, त्याचा खर्च रोजचा आहे, त्याच्या नावावर पैसा आहे आणि केवळ तो स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, याच अवस्थेसाठी तर त्याने विश्वासातल्या माणसाला अधिकार दिलेला असतो. नेमका त्याच अवस्थेत तो अधिकार कायद्याने काढून घेतला जातो. मुखत्याराचे स्वतःचे हितसंबंध त्या मालमत्तेत गुंतलेले असतील, तर कलम २०२ चा अपवाद आहे, पण तो व्यापारी व्यवहारांच्या कामाचा आहे, आईवडिलांचे औषधपाणी बघणाऱ्या मुलीच्या नाही. कलम २०९ म्हणते की, अशा वेळी मुखत्याराने सोपवलेल्या हिताच्या रक्षणासाठी वाजवी ती सर्व पावले उचलावीत. म्हणजे कर्तव्य अंगावर राहते. पण त्या कलमाच्या जोरावर बँकेच्या खिडकीतून पैसे मिळत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

१८८२ च्या मुखत्यारपत्र कायद्यात एक संरक्षण आहे, परंतु ते मूळ व्यक्तीचा मृत्यू किंवा मनोविकलता माहीत नसताना सद्भावनेने व्यवहार करणाऱ्याला आहे. एकाच छताखाली राहणारी, वडिलांना रोज आंघोळ घालणारी मुलगी आपल्याला माहीत नव्हते असे कोणत्या तोंडाने म्हणणार? या तरतुदींचा एकत्रित परिणाम असा की जो खरे बोलतो त्याचा व्यवहार अडतो आणि जो गप्प बसतो त्याचा चालू राहतो. आज कितीतरी घरांत मुले आईवडिलांचे एटीएम कार्ड वापरतात, ओटीपी मुलाच्या मोबाइलवर येतो, अंगठा धरून कागदावर टेकवला जातो. त्यांतल्या बहुतेकांच्या मनात खोट नसते. त्यांना औषधांचे बिल द्यायचे असते. अशा सरळमार्गी माणसांना रोज थोडे थोडे खोटे बोलायला लावणारा कायदा तसाच राहू द्यावा का, हा माझा खरा प्रश्न आहे.

मुखत्यारपत्र संपल्यावर दुसरा मार्ग कोणता, याचे उत्तर तर आणखी क्लेशदायक आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयाला होता. तो कायदा रद्द होऊन २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने हा नवा कायदा निश्चितच चांगला आहे. त्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांच्या निर्णयापुरता. मालमत्तेच्या व्यवस्थापनाची जुनी तरतूद मात्र नव्या कायद्यात उतरलीच नाही. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाचा त्यात उल्लेख नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातले मर्यादित पालकत्व हे त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, ठरावीक निर्णयापुरते आणि ठरावीक काळापुरते असते. मुलीलाच न ओळखणाऱ्या वडिलांशी विचारविनिमय कसा करायचा? शेवटी उरते ते राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालक नेमून घेणे. कोमातल्या रुग्णांसाठी केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही अशा अनेक कुटुंबांना दिलासा दिला आहे, याबद्दल कृतज्ञताच आहे. पण एक मुदत ठेव मोडण्यासाठी थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागणे हे कोणत्याच सामान्य कुटुंबाला परवडणारे नाही.

आम्हाला ती पायरी चढावीच लागली, कारण दरम्यान आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. नौपाड्यातल्या पन्नास वर्षांच्या इमारतींची अवस्था आपल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या जिन्यातल्या तुळयांचे लोखंड उघडे पडले आहे. विकासकाबरोबरच्या पर्यायी घराच्या करारावर प्रत्येक सभासदाची सही लागते आणि फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावावर. शेजारी समंजस, तरीही ‘तुमच्यामुळे सगळे थांबले आहे’ हे वाक्य जिन्यात दोनदा कानावर आलेच. याचिका, डॉक्टरांचे अहवाल, भावाबहिणींची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे, तारखा यांत दहा महिने गेले आणि त्या खर्चात वडिलांची दोन वर्षांची औषधे आली असती. आदेश आमच्या बाजूने झाला. ज्यांची भावंडे एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांचे काय होत असेल याची कल्पना करवत नाही.

याची दुसरी बाजूही मी डोळ्यांआड करीत नाही. आमच्याच ओळखीतल्या एका वृद्ध बाईंनी ‘बँकेच्या कामासाठी’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर सही केली, त्यात घर विकण्याचा अधिकारही होता हे त्यांना घर गेल्यावर कळले. कायमस्वरूपी टिकणारे मुखत्यारपत्र म्हणजे अशा माणसांच्या हाती कोलीत, असे काही ज्येष्ठ वकील म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. तरी काही संरक्षणे आजच्या कायद्यातही आहेत. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळण्याची सोय ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. जोवर मूळ व्यक्तीचे भान शाबूत आहे, तोवर ती मुखत्यारपत्र केव्हाही रद्द करू शकते. मात्र तसे लेखी कळवून, बँकेला आणि सोसायटीलाही नोटीस द्यावी. पण गैरवापर होतो म्हणून गरजवंतांचाही मार्ग बंद ठेवायचा, हा त्यावरचा उपाय नव्हे. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने माणसाचे भान गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते, वापरण्याआधी त्याची सार्वजनिक पालक कार्यालयात नोंदणी करावी लागते आणि तक्रार आल्यास ते कार्यालय चौकशी करते. सिंगापूरनेही २००८ मध्ये तसाच कायदा केला. विश्वास आणि देखरेख या दोन्ही गोष्टी तिथे एकाच कागदात बसवल्या आहेत.

आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत कुटुंबांनी काय करावे, हे ठेच लागून शिकलेल्या माणसाने सांगायला हवे. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिचे भान उत्तम आहे. तिच्या मुखत्यारपत्रात आम्ही बँक, पेन्शन, सोसायटी आणि प्राप्तिकर एवढेच अधिकार नावानिशी घातले; विक्री, बक्षीस, कर्ज हे शब्द मसुद्यातून काढायला लावले. सहीच्या दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले. दुय्यम निबंधक कार्यालयाचे जिने तिला झेपणार नव्हते, तेव्हा शारीरिक दुर्बलतेमुळे येऊ न शकणाऱ्यांच्या घरी अधिकारी येऊ शकतात, अशी नोंदणी कायद्यातच तरतूद असल्याचे कळले. अर्ज केला आणि ते आले. बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नव्हते. पन्नास वर्षे भांडी घासून आणि भाकऱ्या थापून रेषाच झिजल्या आहेत. कोमट पाण्याने हात धुऊन, पदराला पुसून तिने चौथ्यांदा अंगठा टेकवला तेव्हा तो घेतला गेला. तिची खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ या पद्धतीने माझ्याबरोबर संयुक्त केली आणि मृत्युपत्र वेगळे केले, कारण मुखत्याराला दुसऱ्याचे मृत्युपत्र करता येत नाही आणि नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्क नव्हे. भान गेल्यावरही हा अधिकार टिकेल असे कलम घालता येईल का, असे आईनेच विचारले. लिहायला हरकत नाही, पण कलम २०१ पुढे त्याच्या भरवशावर राहू नका, असे वकील म्हणाले.

ज्यांच्या घरी विस्मरणाची नुकती सुरुवात झाली आहे, त्यांनी उशीर झाला असे मानून हातपाय गाळू नयेत. करार कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, एरवी भान नसलेली व्यक्ती भानावर असतानाच्या काळात करार करू शकते. त्या दिवशीचे डॉक्टरांचे लेखी मत मात्र अवश्य घ्यावे.

शासनाकडे आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडे माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. करार हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत आहे, त्यामुळे केंद्राची वाट न पाहता महाराष्ट्र विधिमंडळालाही राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यापुरती दुरुस्ती करता येईल. नोंदणीकृत, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह केलेले आणि मुखत्याराला वार्षिक हिशेब देणे बंधनकारक करणारे मुखत्यारपत्र भान गेल्यावरही टिकावे, अशी ती असावी. ज्यांनी असा कागद वेळेत केला नाही, त्यांच्यासाठी पालक नेमण्याचा अधिकार पुन्हा जिल्हा न्यायालयाला द्यावा, म्हणजे ठाण्याच्या माणसाला कोर्ट नाक्यावरच दाद मागता येईल. तिसरी गोष्ट बँकांनी आजही करण्यासारखी आहे. ज्या आजारी खातेदाराला सही करता येत नाही, त्याचा अंगठा किंवा खूण दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असताना, घेऊन पैसे द्यावेत, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना कित्येक वर्षांपासून आहेत. ज्याचे शरीर थकले पण भान आहे, अशा माणसाचे काम तेवढ्याने होते. ही सूचना मला चार शाखा फिरल्यावर, तीही एका निवृत्त कर्मचाऱ्याकडून कळली. प्रत्येक शाखेने ती मराठीत, मोठ्या अक्षरांत, ज्येष्ठ नागरिकांच्या खिडकीशेजारी लावावी.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)
(पूर्ण नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)