बायपासनंतर उभं राहण्यासाठीही पॅकेज हवं : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

माझ्या वडिलांची, अण्णांची, बायपास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. केशरी रेशनकार्ड दाखवलं, आरोग्यमित्रांनी कागदपत्रं केली, आम्हाला एक रुपया भरावा लागला नाही. २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झालेल्या या योजनेने किती घरांची शेतं वाचवली असतील! त्याबद्दल आधी मनापासून आभार.

नवव्या दिवशी अण्णांच्या छातीचे टाके भिजायला लागले. संसर्ग हाडापर्यंत गेला होता. छाती पुन्हा उघडावी लागली. मग व्हेंटिलेटर, मग गळ्याला छिद्र पाडून नळी. २२ दिवसांनी ती निघाली, तेव्हा जन्मभर पोती वाहिलेल्या माणसाला हातात चमचा धरता येत नव्हता. हृदय नीट चालत होतं, पण अंगात ताकदच उरली नव्हती.

ती परत आली पुण्यातल्या एका रुग्णालयात, ११ आठवड्यांच्या फिजिओथेरपीने, पदरच्या पैशाने. पहिला आठवडा फक्त कॉटच्या कडेला बसायचं, पाय जमिनीला टेकवून. २ मिनिटांत घामाघूम. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. हाड सांधतंय म्हणून उठताना हातांवर भार द्यायचा नाही. फुप्फुसांच्या व्यायामाच्या, ३ छोटे चेंडू असलेल्या यंत्रातून श्वास ओढायचा, त्यातला पहिला चेंडू हलायलाच ४ दिवस गेले. कॉटपासून दारापर्यंत ७ पावलं. त्यांना महिना लागला. फिजिओच्या ताई बोटाला ऑक्सिमीटर लावून शेजारून चालायच्या, रोज दोनदा. शेवटी ६ मिनिटांत अण्णा २१० मीटर चालले. आईने तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

महोदय, यात महागडं यंत्र कुठलंच नव्हतं. लागली ती शिकलेली माणसं आणि भरपूर दिवस. शेजारच्या कॉटवरचे परभणीकडचे काका पैसे संपले म्हणून दोन आठवड्यांत घरी गेले. काकू अधूनमधून फोन करतात. काका अजून अंथरुणावरच आहेत.

योजनेतलं पॅकेज शस्त्रक्रियेवर ठरतं. डिस्चार्जनंतर १० दिवस तपासणी आणि औषधं. गुंतागुंत झालेल्या रुग्णाला १० दिवसांत धड बसताही येत नाही. अशांसाठी पुनर्वसनाचं वेगळं पॅकेज करावं, आठवड्यांच्या हिशोबाने, सोबतच्या माणसाच्या जेवण-प्रवासासह. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्यासाठी थोड्या का होईना, राखीव खाटा आणि कायमस्वरूपी नेमलेले फिजिओथेरपिस्ट असावेत, म्हणजे परभणीच्या माणसाला पुण्यात खोली घ्यावी लागणार नाही. हातपाय अधू झालेल्यांना पुन्हा उभं करणारी संस्था देशाने १९५५ सालीच मुंबईत, हाजी अलीला काढली. हृदयाच्या रुग्णाचीही गरज तीच आहे.

काकूंचा पुढचा फोन येईल तेव्हा त्यांना कुठल्या रुग्णालयाचं नाव सांगू, एवढं आपण कळवावं.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची मुलगी