मीराला पत्र: बेल कर्व्ह आणि जुनं भांडण

प्रिय मीरा,

तीन महिने पत्र नाही, त्याची शिक्षा म्हणून हे लांबलचक वाच. माझी पाठ बरी आहे.

तुझे सीपीसीईच्या, म्हणजे अमेरिकेतल्या समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या, सराव परीक्षेचे गुण पाहिले आणि हसू आलं. ग्रुप वर्कमध्ये २० पैकी १७, असेसमेंटमध्ये (चाचण्या आणि मोजमाप) ८! म्हणजे रिलायबल आणि व्हॅलिड यांतल्या फरकावरचं आपलं जुनं भांडण अजून चालूच आहे तर. वजनकाटा दर वेळी तीन किलो जास्त दाखवत असेल तर तो रिलायबल आहे (दर वेळी तेच दाखवतो), व्हॅलिड नाही (खरं वजन दाखवत नाही). तेव्हाही मीच बरोबर होते.

सीपीसीईत १६० प्रश्न, आठ विषय, प्रत्येकी २०. त्यातले प्रत्येकी १७च मोजतात, उरलेले तीन कोणते ते कळत नाही. असेसमेंट आणि रिसर्च मिळून ३४ गुण होतात. ते सोडून तू लाडक्या एरिक्सनला आणखी एक आठवडा देणार? त्या मानसशास्त्रज्ञाच्या विकासाच्या आठ पायऱ्या तुला झोपेतही येतात गं.

कोऱ्या कागदावर बेल कर्व्ह, म्हणजे गुणांच्या विभागणीची घंटेसारखी रेषा, काढ. मधोमध खाली एकाच गुणाच्या चार पट्ट्या लिही: झेड ०, टी ५०, स्टॅनाइन ५, परसेंटाइल ५०. एक एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) उजवीकडे +१, ६०, ७, ८४. डावीकडे −१, ४०, ३, १६. आता आयक्यू ११५ दिला, सरासरी १००, एसडी १५, की डोळे थेट उजव्या रकान्यात. रोज न बघता काढ. आणि ८४ परसेंटाइल म्हणजे ८४ टक्के उत्तरं बरोबर नव्हेत, ८४ टक्के लोक त्याच्या खाली! इथेच तुझे गुण जातात.

आता रिसर्चमधल्या दोन चुका. टाइप वन म्हणजे नल (‘काही फरक नाही’ हे गृहीतक) खरं असताना फेटाळणं, टाइप टू म्हणजे खोटं असून न फेटाळणं. नमुना तेवढाच ठेवून अल्फा (पहिल्या चुकीची चालवून घेतलेली शक्यता) .०५ वरून .०१ वर आणलास, तर पहिली चूक घटते आणि दुसरी वाढते.

तुझी दुसरी खोड म्हणजे प्रॅक्टिकममधले (प्रत्यक्ष समुपदेशनाच्या सरावातले) क्लायंट आठवून उत्तर देणं. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं क्लायंट म्हणतो. पर्याय: भावना परत मांडणं, आत्महत्येचा विचार आहे का हे थेट विचारणं, घरच्यांना कळवणं, दाखल करणं. चारही कधी ना कधी योग्यच. पण ‘सर्वप्रथम’ विचारलं असेल तर थेट विचारणं. धोका किती हे कळल्याशिवाय गोपनीयता मोडायची कशाच्या आधारावर?

वेळ २२५ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला साधारण ८४ सेकंद. अनोळखी नाव दिसलं तर अंदाजाने खूण करून पुढे जा. तो न मोजल्या जाणाऱ्या तीन प्रश्नांपैकीही असेल. चुकीला गुण कापत नाहीत, कोरं काही सोडू नकोस.

पास होण्याची रेषा विद्यापीठ ठरवतं. पुष्कळ ठिकाणी ती राष्ट्रीय सरासरीच्या एक एसडी खाली असते. बघ, तिथेही बेल कर्व्ह! तुमच्याकडची रेषा, आणि पुन्हा बसायचं झालं तर किती दिवसांनी, हे विभागाकडून लेखी मागून घे.

आईंचं ऑपरेशन झालं का? नवीन घर कसं आहे? आणि माझी सांख्यिकीची पिवळी वही? टाइप वन-टू तिच्याच शेवटच्या पानावर आहे. आधी उतरवून घे, मग पाठव.

तुझी,
शुभा