आधी कोच पळाले, मग पोरं

मा. संपादक,
स. न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरचा लेख वाचला. गावाकडचा पेपर मी रोज फोनवर वाचतो आणि आमच्या इथल्या खेळावर मराठीत कुणीतरी लिहिलंय म्हटल्यावर चहा गार होईपर्यंत वाचत बसलो. लेखाचा सूर असा की पोरांना पैसे मिळायला लागले, पोरं पैशासाठी कॉलेजं बदलायला लागली आणि चांगल्या खेळाचा बाजार झाला. यातलं निम्मं खरं आहे. पण क्रम उलटा लावलाय, आणि तो उलटा लावला की खापर भलत्याच्याच डोक्यावर फुटतं, म्हणून हे लिहितोय.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. बारा वर्षं झाली, ओरेगन राज्यातल्या कॉरवॅलिसमध्ये राहतो. गाव छोटं, सगळं ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीभोवती फिरणारं. इथलं फुटबॉल म्हणजे तो लांबट बॉलचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा खेळ, पहिली दोन वर्षं मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण मॅचच्या दिवशी अख्खं गाव नारिंगी का होतं ते लगेच कळलं, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी या कट्टर वैरी मंडळांची फुटबॉल मॅच बघितलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. आमचं इथलं पाटाकडील म्हणजे युजीनचं ओरेगन युनिव्हर्सिटी. अंतर साधारण पासष्ट किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर ते कराड धरा. १८९४ पासूनचं हाडवैर, आणि १९४५ नंतर एक वर्ष खंड नाही. २०२६ च्या वेळापत्रकात मात्र ही मॅच नाहीच.

का नाही? कुठला पोरगा पैसे घेऊन पळाला म्हणून नाही. युजीनवाले लीग सोडून गेले म्हणून.

आमची लीग पॅक-१२, १९१५ साली सुरू झालेली, आणि सुरू करणाऱ्या चार कॉलेजांत आमचं एक. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसची दोन मोठी कॉलेजं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेनमध्ये जातो म्हणाली. बिग टेन म्हणजे ओहायो-मिशिगनकडची लीग, तिला त्याच ऑगस्टमध्ये फॉक्स, सीबीएस, एनबीसी अशा तीन चॅनेलांकडून सात वर्षांचे मिळून ७०० कोटी डॉलरच्या वर मिळाले. मग पुढच्या वर्षी कोलोराडो बिग ट्वेल्व्ह नावाच्या लीगमध्ये गेलं, ४ ऑगस्ट २०२३ ला एकाच दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, दोन्ही अॅरिझोना आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये गेले, आणि १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्ट नावाच्या लीगमध्ये गेले. नकाशा बघा एकदा, ही दोन्ही कॉलेजं पॅसिफिकच्या काठावर आहेत. बिग टेनमध्ये आता अठरा टीम आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा, तेव्हा नावातल्या आकड्यांचं काय बोलायचं. आमच्यात उरले दोघं, आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट. पंगत उठली आणि खरकटं काढायला दोघं राहिले तशी गत. २०२५ मध्ये दुसरं कोण मिळेना म्हणून एकाच नोव्हेंबरात आम्ही एकमेकांशी दोनदा खेळलो. आता २०२६ पासून बॉइसी, फ्रेस्नो वगैरे टीम घेऊन लीग पुन्हा उभी करतायत, बघू.

वाईट याचं वाटतं की लीग फुटली त्याच २०२३ मध्ये आमच्या स्टेडियमची एक आख्खी बाजू पाडून १६ कोटी डॉलरच्या आसपास खर्चून नवी बांधून पुरी झाली होती. तिचं उद्घाटन झालं ते लीग फुटल्यावर आठ दिवसांनी.

टीव्ही म्हणजे काय ते घरी बसून कळत नाही, स्टेडियममध्ये कळतं. मैदानाच्या कडेला चॅनेलचा एक माणूस उभा असतो, लाल टोपी घालून. खेळ थांबला की तो मैदानात दोन पावलं आत येतो आणि तो बाहेर जाईपर्यंत कुणी हलायचं नाही, कारण घरी जाहिराती चालू असतात. बावीस पोरं कमरेवर हात ठेवून उभी, बँड वाजवून वाजवून दमलेला, आणि आम्ही नोव्हेंबरच्या पावसात पोंचो घालून त्या टोपीकडे बघत बसतो. माझी पोरगी सात वर्षांची होती तेव्हा तिला वाटायचं तोच रेफरी. मला तर वाटतं तिचं बरोबर होतं. मॅच किती वाजता हे पण चॅनेल ठरवतं, बऱ्याचदा बारा दिवस आधी, कधी सहाच दिवस आधी सांगतात. शेजारचे आजोबा साठ सालापासून प्रत्येक होम मॅचला जायचे, रात्री साडेसातच्या मॅच वाढल्या तशी त्यांनी सीट सोडली, आता व्हरांड्यात रेडिओ लावून बसतात.

हे सगळं पोरांना पैसे मिळायच्या कितीतरी आधी सुरू झालं. १९८४ पर्यंत टीव्हीचे हक्क एनसीएए या मध्यवर्ती संघटनेकडे होते, कुठल्या टीमची मॅच किती वेळा दाखवायची ते ती ठरवायची. त्या वर्षी सुप्रीम कोर्टाने ती मक्तेदारी मोडली आणि मग जो तो आपापला सौदा करायला मोकळा झाला. तो पैसा गेला कुठं? कोचच्या पगारात आणि इमारतींत. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशर या कोचला काढलं तेव्हा नुसतं घरी पाठवण्याचे साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं लागत होतं! आणि त्या सगळ्या काळात खेळणाऱ्या पोराला काय, तर फी माफ, राहणं-जेवण, आणि स्वतःची सही विकली तरी सस्पेन्शन. यूएससीच्या रेजी बुशचं हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं बक्षीस, पैसे घेतल्याच्या भानगडीत २०१० मध्ये गेलं आणि २०२४ मध्ये परत मिळालं, मधल्या काळात तोच गुन्हा नियम होऊन बसला होता.

'स्टुडंट-अॅथलीट' हा शब्द लेखात फार प्रेमाने आलाय म्हणून सांगतो, तो प्रेमातून आलेला नाही. १९५५ मध्ये कोलोराडोत एका मॅचमध्ये डोक्याला मार लागून रे डेनिसन नावाचा खेळाडू गेला. त्याच्या बायकोने कामगार म्हणून भरपाई मागितली, ती राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नाकारली. असे दावे यायला लागले तर पोरं नोकर ठरतील या भीतीने त्या काळात एनसीएएने हा शब्द रुजवला, हे त्यांचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच नंतर लिहून ठेवलंय.

आता पोरांकडे येतो. १ जुलै २०२१ पासून नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टात तडजोड झाली, जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून २८० कोटी डॉलर, आणि पुढे प्रत्येक कॉलेजला पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटायची परवानगी. लक्षात घ्या, ही मर्यादा आहे, सक्ती नाही. टीव्हीचा पैसा आटलेल्या आमच्यासारख्यांनी तो आकडा गाठायचा कुठून? मग आम्हाला देणगीचे मेल येतात, अगदी गणपतीच्या वर्गणीसारखे, फरक एवढाच की मंडळाची पोरं निदान दारात येऊन पावती फाडतात.

पोर्टलचा, म्हणजे कॉलेज बदलायचं असलेल्या पोरांनी नाव घालायच्या यादीचा, त्रास मला पण होतो, नाही कशाला म्हणू. पूर्वी कॉलेज बदललं की पोराला सहसा एक वर्ष बाकावर बसावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा बदलायला सूट मिळाली आणि २०२४ पासून कितीही वेळा. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू, डीजे उइयांगालेलेई एक सीझन खेळून फ्लोरिडा स्टेटला गेला, त्याच्यामागचा आयडन चाइल्स मिशिगन स्टेटला. पोरीसाठी ज्या नंबरची जर्सी घ्यावी तो पोरगा पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात. पण खरं सांगतो, हाच डीजे क्लेमसन सोडून आमच्याकडे आला तेव्हा आम्ही पोर्टलला शिव्या घातल्या नव्हत्या, पेढेच वाटले होते.

आणि आयडन कुणाच्या मागे गेला? कोच जोनाथन स्मिथच्या. स्मिथ आमचाच जुना क्वार्टरबॅक, २०१८ पासून कोच, गावचा लाडका. नोव्हेंबर २०२३ मध्ये युजीनला हरलो आणि दुसऱ्याच दिवशी तो मिशिगन स्टेटला गेला. कोचनं बाकावर बसायचा नियम कधीच नव्हता. दोन वर्षांनी त्याला तिकडून काढलं, तेव्हा त्याचं तीन कोटी डॉलरच्या वर देणं निघालं.

एनसीएए आता संसदेकडे कायदा मागतेय, आमच्यावर कुणी मक्तेदारीच्या केस घालू नयेत म्हणून. मला विचाराल तर सोपं आहे, पोरांना नोकर म्हणा, युनियन करू द्या, प्रोफेशनल लीगसारखा समोरासमोर बसून करार करा, दोन वर्षं हलायचं नाही असं पोरांनी सही करून कबूल केलं तर माझी काही हरकत नाही. पण ते केलं की डेनिसनच्या बायकोला पण उत्तर द्यावं लागेल.

आपला,
एक वाचक, कॉरवॅलिस (मूळ शिवाजी पेठ, कोल्हापूर)

ता. क. लेखासोबत फोटो गोल बॉलचा छापलाय. कोल्हापूरकर म्हणून मला आवडला, पण तो आमच्या इथला नव्हे.