बापू, तुम्ही पोरांना समुद्रातली वाट दाखवली

आदरणीय बापू,
सप्रेम नमस्कार.

औसा तालुक्यातल्या आमच्या शाळेत समुद्र पाहिलेली पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लक्षद्वीपचा धडा म्हणजे त्यांच्यासाठी पाठ करायची नावं. नौदलाच्या जलसर्वेक्षण शाखेतून निवृत्त होऊन तुम्ही गावी परतलात आणि शब्द टाकताच वर्गावर आलात. त्याचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत.

तुम्ही मैदानावर फक्कीनं पोवळ्यांची भिंत आखलीत. पूर्वेला बेट, पश्चिमेला उथळ लगून, म्हणजे भिंतीआडचं शांत पाणी, त्याला कवटाळून भिंत आणि तिच्यात एक अरुंद वाट. ही वाट बुजत का नाही, असं पोरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही आपल्या पाझर तलावाचा सांडवा आठवायला सांगितलात. लाटा भिंतीवरून पाणी आत टाकतात, भरती आणखी भर घालते, ते सगळं कुठून तरी बाहेर पडणारच. त्या ओढीनं वाट मोकळी राहते. इतकी वर्षं भूगोल शिकवते, पण हे असं मला कधी मांडता आलं नव्हतं.

पाणी वाचायला शिकवलंत, ते तर पोरं विसरणार नाहीत. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे खाली वाळू, तपकिरी दिसलं की पोवळं वर आलेलं, तिथून लांब राहायचं. ऊन डोक्यावर किंवा पाठीमागून हवं. मग पश्चिमेकडून आत शिरायचं तर कोणती वेळ, असं तुम्ही विचारलंत आणि वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "दुपार कलल्यावर." तुम्ही तिला वर्गासमोर शाबासकी दिलीत. आता ती पहिल्या बाकावर बसते. माझ्या दृष्टीनं त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

दोन बांबू मागेपुढे रोवून, ते एका रेषेत दिसतील तसं चालायला लावलंत. सगळी पोरं फक्कीला पाय न लावता आत गेली. समुद्राचे नकाशे डेहराडूनच्या कार्यालयात तयार होतात, याचंही त्यांना भारी नवल वाटलं.

एक पोरगा म्हणाला, सुरुंग लावून वाट रुंद करावी, मोठी जहाजं आत येतील. तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत. औषधं, धान्य, आजारी माणूस, सगळं बोटीनं न्यावं लागतं, ही बेटावरची अडचण आधी मान्य केलीत. मग सांगितलंत की तीच भिंत लाटांचा जोर मोडते म्हणून समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच असलेलं बेट टिकतं. पोवळी जिवंत असतात, १९९८ मध्ये पाणी तापलं तेव्हा लक्षद्वीपची किती तरी पोवळी पांढरी पडून मेली, हे ऐकून वर्ग सुन्न झाला होता. दोन्ही बाजू पोरांपुढे ठेवणारी माणसं आम्हाला शाळेत हवी आहेत, बापू.

आठवीचा वर्ग आता तुमची वाट पाहतोय. गुडघ्याला आराम पडला की कळवा, मी रिक्षा पाठवते.

आपली नम्र,
भूगोलाच्या बाई