क्रायस्की यांचे नाव राहून गेले

महोदय,

परराष्ट्र सेवेतून राजकारणात आलेल्या नेत्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. ऑस्ट्रियातून त्यात एकटे कुर्ट वाल्डहाइम आहेत, ब्रुनो क्रायस्की यांचा साधा उल्लेखही नाही, याची फार चुटपुट लागली. भारतीय वाचकाला तर हे नाव माहीत असायलाच हवे.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा या ज्यू समाजवादी तरुणाला स्वीडनमध्ये आश्रय घ्यावा लागला. युद्ध संपल्यावर तिथल्याच ऑस्ट्रियन वकिलातीत ते रुजू झाले आणि १९५३ मध्ये परराष्ट्र खात्यात राज्यमंत्री. देशात तेव्हा चार विजेत्या राष्ट्रांच्या फौजा ठाण मांडून होत्या. त्या जूनमध्ये परराष्ट्रमंत्री ग्रूबर यांच्यासोबत ते स्वित्झर्लंडमधल्या ब्युर्गेनश्टॉकला पंडित नेहरूंना भेटले आणि मॉस्कोत आमच्यासाठी शब्द टाका, अशी गळ घातली. नेहरूंनी राजदूत के. पी. एस. मेनन यांच्यामार्फत तो टाकला. लगेच काही हाती लागले नाही, पण १५ मे १९५५ रोजी ऑस्ट्रियाला पुन्हा स्वतंत्र करणारा करार या चार राष्ट्रांशी झाला आणि फौजा परतल्या.

पुढे १९७० ते १९८३ अशी तेरा वर्षे क्रायस्की ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख होते. त्या काळातही त्यांच्या घरचा फोन नंबर व्हिएन्नाच्या डिरेक्टरीत छापलेला असे. शाळकरी मुलांना मोफत पुस्तके मिळू लागली ती त्यांच्याच कारकिर्दीत. मला मात्र सर्वांत मोठा वाटतो तो त्यांचा एक पराभव. त्स्वेंटेनडॉर्फचा अणुवीज प्रकल्प बांधून तयार होता आणि क्रायस्की त्याच्या बाजूने होते. ५ नोव्हेंबर १९७८ ला सार्वमत झाले. विरोधात ५०.५ टक्के, फरक जेमतेम तीस हजार मतांचा. फेरमतदान नाही, पळवाट नाही. प्रकल्प एक दिवसही चालला नाही. पुढच्याच वर्षी याच मतदारांनी त्यांना पुन्हा स्पष्ट बहुमत दिले.

त्यांचे सारेच पटते असे नाही. नाझी गुन्हेगारांचा माग काढणारे सिमोन विझेन्थाल यांच्यावर त्यांनी केलेले आरोप अन्यायाचे होते, आणि स्वतः नाझींचे चटके सोसलेल्या माणसाने ते करावेत, याचे मला आजही वाईट वाटते.

क्रायस्की यांच्यावर आपण स्वतंत्र लेख द्यावा, ही कळकळीची विनंती. ब्युर्गेनश्टॉकच्या त्या भेटीबद्दल तरी आपल्याकडे सविस्तर लिहिले जावे.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सांगली