‘संघराज्य’ नेमके कधीपासून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये अडीचशे वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने मराठीत जे लेखन होईल, त्यातील पारिभाषिक शब्दांकडे आपले लक्ष वेधावे म्हणून हे पत्र.

मी राज्यशास्त्राचा निवृत्त शिक्षक असून धरमपेठेतील एका अभ्यासिकेत, संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा मराठीतून देणाऱ्या मुलांची सरावाची उत्तरे तपासून देतो. मध्यंतरी एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘१७८१ मध्ये तेरा संस्थानांचे संघराज्य स्थापन झाले व १७८९ मध्ये संघराज्याचा कारभार सुरू झाला.’ मी वाक्याखाली लाल रेघ ओढली, तेव्हा तिने दोन छापील पुस्तके माझ्यासमोर उघडून ठेवली. एकात पहिल्या व्यवस्थेला संघराज्य म्हटले होते, दुसऱ्यात दुसऱ्या व्यवस्थेला. रेघ मला खोडावी लागली.

दोन्ही व्यवस्थांना एकच शब्द लावला, तर मधल्या आठ वर्षांत घडले काय, हेच कळेनासे होते. १ मार्च १७८१ रोजी अमलात आलेल्या, तेरा राज्यांच्या आपसांतील करारनाम्याने प्रत्येक राज्याचे सार्वभौमत्व त्याच्याकडेच ठेवले होते. मध्यवर्ती काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर बसवण्याचा अधिकार नव्हता, स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नव्हता, आणि करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागत असे. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर आणि कर्ज यांखाली पिचलेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेज याच्या नेतृत्वाखाली न्यायालयांचे काम बंद पाडले (विदर्भातील वाचकाला त्यांची तगमग वेगळी समजावून सांगायला नको), तेव्हा काँग्रेसपाशी ना पैसा होता ना पुरेसे सैन्य. पुढल्याच वर्षी फिलाडेल्फियात बारा राज्यांचे पंचावन्न प्रतिनिधी जमले, कारण ऱ्होड आयलंडने कोणी पाठवलाच नाही, आणि करारनाम्याची डागडुजी करायला बसलेल्या या मंडळींनी तो बाजूला सारून नवी राज्यघटनाच लिहून काढली. तिच्यावर अखेर एकोणचाळीस जणांनी सह्या केल्या, आणि नऊ राज्यांच्या मंजुरीने ती लागू होईल असे तिच्यातच ठरवून टाकले. १७८९ मध्ये सुरू झाला तो या घटनेप्रमाणे चालणारा कारभार, आणि संघराज्य म्हणायचे ते यालाच.

पहिल्या व्यवस्थेला काही पुस्तकांत ‘महासंघ’ म्हणतात. शब्द वेगळा आहे एवढे त्याचे गुण. पण ‘महा’ लागले की वस्तू मोठी व बलवान वाटते, आणि इथे तर ती दुबळी होती. मला ‘परिसंघ’ बरा वाटतो. तोही कानाला परका लागत असेल, तर ‘राज्यांचा सैल संघ’ असे सरळ लिहावे. नागपुरात नुसते ‘संघ’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येते ते मी सांगायला नको, म्हणून विशेषण गाळू नये.

शब्दांची ही ओढाताण तेव्हा तिकडेही झाली होती. बळकट केंद्र हवे असणाऱ्यांनीच ‘फेडरलिस्ट’ (संघवादी) हे नाव आधी उचलले, आणि राज्यांचे अधिकार जपू पाहणाऱ्यांच्या माथी ‘अँटी-फेडरलिस्ट’ हे नकारार्थी नाव आले. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन व जॉन जे यांनी नव्या घटनेच्या बाजूने एकाच टोपणनावाने लिहिलेले पंचाऐंशी लेख मुख्यतः न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतूनच वाचकांपुढे गेले, हे आपल्या व्यवसायाला भूषणावह आहे.

‘संस्थाने’ या शब्दाबद्दल माझा आक्षेप अधिक तीव्र आहे. ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ हे नाव आता रूढ आहे आणि ते बदला असे मी म्हणत नाही. पण इतिहास सांगताना ‘तेरा संस्थाने’ लिहिले की आमच्या मुलांपुढे हैदराबाद किंवा कोल्हापूर उभे राहते, नाहीतर शेगावचे संस्थान तरी. तिथे स्थानिक राजा नव्हता, गादी नव्हती. १७७६ पर्यंत त्या ब्रिटिश वसाहती होत्या, नंतर राज्ये झाली. तसेच ‘काँग्रेसने विधेयक फेटाळले’ या वाक्यात ‘अमेरिकी’ हा एक शब्द जास्त घातला, तर निम्मा गोंधळ मिटतो.

हा कीस निरर्थक वाटणाऱ्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले भाषण पाहावे. भारताला ‘राज्यांचा संघ’ का म्हटले, हे त्यांनी तिथे उलगडून सांगितले आहे. हा संघ राज्यांनी आपसांत केलेल्या करारातून निर्माण झालेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघता येणार नाही. राज्यांना असा अधिकार नाही हे ठरवायला अमेरिकेला यादवी युद्ध करावे लागले, तेव्हा आपण ते आधीच स्पष्ट केलेले बरे, असे त्यांचे म्हणणे होते.

आणि शब्द टाळूनही बरेच काही करता येते. १७८७ च्या त्या घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही. प्रतिनिधींची संख्या ठरवताना ‘इतर व्यक्तीं’ची तीन-पंचमांश गणना करावी, एवढेच तिच्यात लिहिले आहे. गुलामगिरीचा नावानिशी उल्लेख घटनेत आला तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने, ती नष्ट करताना. मराठी अनुवादात मात्र पहिल्याच ठिकाणी सर्रास ‘गुलामांची गणना’ असे छापले जाते. अर्थ बरोबर असतो, पण घटनाकारांनी केलेली लपवाछपवी त्यात नाहीशी होते. तिथे ‘इतर व्यक्ती’ असेच छापून खाली खुलासा द्यावा, आणि या विषयावरील लेखांसोबत अशा सात-आठ शब्दांची चौकट आपण द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर