लंबगोल दीर्घिका सोडू नकोस

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

प्रकल्पासाठी सर्पिल दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांच्या चक्राकार वस्त्या) घ्याव्यात असं तू लिहिलंस, कारण लंबगोल दीर्घिकांमध्ये काहीच घडत नाही. सर्पिल खुशाल घे, पण या कारणासाठी नको. आज ज्यांच्यात नवा तारा क्वचितच जन्मतो, त्या महाकाय लंबगोल दीर्घिकांनी एके काळी अफाट वेगाने तारे घडवले. त्याचा पुरावा त्यांच्या प्रकाशात आजही वाचता येतो.

एखाद्या मोठ्या लंबगोल दीर्घिकेचा वर्णपट, म्हणजे रंगांत पसरलेला प्रकाश, उघड आणि हिरव्या भागात बघ. ५१६७, ५१७३ आणि ५१८४ अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) मॅग्नेशियमच्या शोषणरेषा असतात, म्हणजे त्या मूलद्रव्याने प्रकाश शोषल्यामुळे पडलेल्या काळ्या रेषा. सूर्याच्या वर्णपटात त्या सुट्या दिसतात. इथे तारे सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटर वेगाने वाटेल त्या दिशेने धावत असतात, त्यामुळे रेषा पसरतात आणि एकमेकींत मिसळून एकच रुंद खळगा होतो. आता पुढे सरक, ५२७० आणि ५३३५ जवळच्या लोहाच्या रेषांकडे. मॅग्नेशियमचा खळगा इतका खोल, तर लोहाच्या रेषाही तशाच ठसठशीत हव्यात. पण त्या मानाने त्या फिक्याच निघतात. गाय वर्दी, सँड्रा फेबर आणि गोन्झालेझ या खगोलशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये ही तफावत ठळकपणे मांडली. सर्वांत वजनदार दीर्घिकांमध्ये मॅग्नेशियम आणि लोह यांचं गुणोत्तर सूर्यातल्या गुणोत्तराच्या जवळपास दुप्पट भरतं.

आता कारण नीट समजून घे, सगळी गंमत इथेच आहे. मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन तयार होतात ते मुख्यतः सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्यांच्या पोटात. हे तारे फार तर चारेक कोटी वर्षं जगतात आणि अतिनवतारा होऊन फुटतात. त्यांनी उधळलेला माल आसपासच्या वायूत लगेच मिसळतो. लोहाचा बराचसा भाग मात्र दुसऱ्या वाटेने येतो, जोडताऱ्यातल्या श्वेतबटूच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याच्या, स्फोटातून. आधी ताऱ्याने म्हातारं होऊन श्वेतबटू व्हायचं, मग जोडीदारामुळे स्फोटाची वेळ यायची. काही स्फोट दहा कोटी वर्षांच्या आत होतात, पण कित्येकांना शेकडो कोटी वर्षं लागतात. म्हणजे लोह उशिरा येतं. ते पुरेसं येण्याआधीच जर बहुतेक तारे घडून झाले असतील, तर त्या ताऱ्यांत मॅग्नेशियम भरपूर आणि लोह कमी राहणार. आकाशगंगेसारखी दीर्घिका संथपणे तारे घडवत राहते, म्हणून उशिरा आलेलं लोह पुढच्या पिढ्यांना मिळतं. महाकाय लंबगोल दीर्घिकांनी आपलं काम साधारण शंभर कोटी वर्षांच्या आतच उरकलं. दीर्घिका जितकी जड, तितकी ही घाई जास्त, हे मला फार विलक्षण वाटतं.

यावर तू आक्षेप घेशील (आणि घ्यायलाच हवास) की तिथे मुळात जड तारेच जास्त जन्मले असतील, तरीही हेच दिसेल. विचार चुकीचा नाही. पण २०१० मध्ये पीटर व्हान डोक्कुम आणि चार्ली कॉन्रॉय यांना अशा दीर्घिकांत उलट लहान, बटू ताऱ्यांचंच प्रमाण अधिक असल्याच्या खुणा सापडल्या. तो वाद अजून मिटलेला नाही. तरी मी वेळेच्याच बाजूने आहे, कारण तिला आता थेट साक्षीदार मिळाला आहे. जीएस-९२०९ ही दीर्घिका विश्व सव्वाशे कोटी वर्षांचं असताना जशी होती तशी आपल्याला दिसते. जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेल्या तिच्या वर्णपटावर अ‍ॅडम कार्नल आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये लिहिलं. सुमारे चार हजार कोटी सूर्यांइतके तारे घडवून ती तेव्हाच थांबलेली होती!

थांबली कशी, हा प्रश्न जास्त अवघड आहे. वायू संपतो म्हणावं, तर तसंही नाही. म्हातारे तारे सतत वायू सोडत असतात, आणि एम ८७ सारख्या दीर्घिकेभोवती तर कोट्यवधी अंश तापलेल्या वायूचं प्रचंड आवरण आहे, क्ष-किरणांत लखलखणारं. तो निवला तरच त्यातून तारे घडतील. पण मध्यभागी सूर्याच्या ६५० कोटी पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. त्याचा झोत या वायूला पुन्हा पुन्हा तापवतो. हा पहारा सगळीकडे सारखा कडक नसतो. ययाती तारकासमूहातल्या एनजीसी १२७५ भोवती थंड वायूचे लांबच लांब धागे आहेत, आणि त्यांतल्या काहींत आजही तारे जन्मतात. काहीच घडत नाही म्हणतेस, तर ती एकदा नीट बघ.

तुझ्या प्रकल्पापुरतं एक सुचवते. बहुतेक जण दीर्घिकेच्या झगझगीत मध्यभागाचाच वर्णपट घेतात, तिथे प्रकाश भरपूर मिळतो म्हणून. तू मध्यापासून बाहेर जात जात मोजमापं घे. जड मूलद्रव्यं बाहेर कमी होत जातात, कारण बाहेरचे पुष्कळ तारे तिथे घडलेलेच नाहीत. गिळलेल्या छोट्या दीर्घिकांबरोबर ते आले. छोट्यांचं गुरुत्वाकर्षण कमकुवत, स्फोटांनी उडवलेला माल त्यांना धरून ठेवता येत नाही. फक्त रंगावर विसंबू नकोस. वय वाढलं तरी दीर्घिका लाल दिसते आणि जड मूलद्रव्यं वाढली तरी लालच दिसते. दोन्ही वेगळं करायला ४८६१ अँगस्ट्रॉमची हायड्रोजनची रेषा सोबत मोज. पहिले आलेख तयार झाले की मला पाठव, रेषांच्या खोलीसकट.

तुझी,
आई